तीनशे अडतीस होय

तुम्ही समुद्र दिलात. शेजाऱ्याला खुर्ची द्यावी तसा उचलून दिलात, आणि वर तोंड करून सांगितलंत की लोकांना विचारूनच दिला. कोणाला विचारलंत? कोणत्या खोलीत, कोणत्या वारी, कोणत्या माणसाच्या डोळ्यांत बघून विचारलंत? तुमचं नाव इथं लिहिलेलं नाही. नाव लिहिलं की तुम्ही बदनामीचा खटला भरता, मग वर्तमानपत्रं खटल्याबद्दल लिहितात आणि समुद्र बाजूला राहतो. तेव्हा नाव राहू द्या. तुम्ही कोण ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि कालिंदी कुबललाही.

कालिंदी राजधानीत सभागृहाची प्रतिवेदक होती. सभापतींच्या आसनासमोर, सभागृहाच्या अगदी मधोमध एक लांबट टेबल असतं. टीव्हीवर ते दिसतं, पण तिथं बसलेली माणसं कोणी बघत नाही. कालिंदी त्या टेबलाशी तेविसाव्या वर्षी बसली आणि आता शेहेचाळीस वर्षांची होती. जे बोललं गेलं ते लिहायचं, एवढंच काम. आधी हाताने, लघुलेखनात. पुढे यंत्र आलं, बोललेलं आपोआप उमटू लागलं. मग उमटलेलं वाचायचं, साफ करायचं आणि खाली सही करायची. नोंदीखाली माणसाची सही हवी असा कायदा होता, म्हणून तिची नोकरी टिकली.

त्या दिवशी दुपारी ती डबा उघडून बसली होती. गावाहून भावजयीचा, वैजूचा फोन आला.

"वन्सं, बोट नेली."

"कोणाची?"

"आपली! ह्यांना नेलं, पाच खलाशांना नेलं."

"कोणी नेलं? वैजू, आधी बस खाली. नीट सांग."

"आपल्याच लोकांनी नेलं, वन्सं. आपलीच गस्तीची बोट आली. ह्यांना वाटलं पाणीबिणी हवं असेल, हे म्हणाले या साहेब. साहेबांनी दोर बांधला आणि बोट ओढत नेऊन त्या परक्या जहाजाच्या हवाली केली. शेजारच्या बोटीवरच्या लोकांनी डोळ्यांनी बघितलं. अहो, मामंजी जाळं टाकायचे तीच जागा. आता म्हणे ते आपलं पाणी नाही. कधीपासून नाही, ते तरी सांगा मला!"

कालिंदीने डब्याचं झाकण लावलं. कधीपासून ते तिला माहीत होतं. एकोणीस दिवसांपासून. त्या संमतीच्या नोंदीखाली तिचीच सही होती.

हे कसं झालं ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. पूर्वी परदेशाशी करार करायचा राष्ट्राध्यक्षांनी, आणि तो मान्य करायचा की फेटाळायचा ते ठरवायचं सभागृहाने. एकाच्या हातात लेखणी, दुसऱ्याच्या हातात कुलूप. घटना लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं होतं. एकट्या माणसाने परक्या देशात मेजवानी झोडून सही ठोकू नये, एवढाच साधा हेतू. पण दोनदा असं झालं की राष्ट्राध्यक्ष हात मिळवून, फोटो काढून परत आले आणि सभागृहाने करार केराच्या टोपलीत टाकला. बाहेरचे देश म्हणू लागले, तुमच्या सहीला अर्थ काय? संमती खिशात घेऊन या, मग बोलू.

त्यावर शोधलेला उपाय म्हणजे प्रतिसदन.

सभागृहात पाचशे चाळीस सदस्य. प्रत्येकाची एक प्रत संगणकात तयार करायची. ती दिसण्याबोलण्याची नक्कल नव्हती, निर्णयाची नक्कल होती. त्या सदस्याने सभागृहात उच्चारलेला प्रत्येक शब्द, विचारलेला प्रत्येक प्रश्न, दिलेलं प्रत्येक मत, मतदारसंघातून त्याला आलेली पत्रं, हे सगळं यंत्राला खाऊ घालायचं. यंत्र त्यातून शिकतं की कोणत्या परिस्थितीत हा माणूस कुठे झुकतो. मग नवा करार त्या प्रतीपुढे ठेवायचा, एकदा नाही, दहा हजार वेळा, आणि दर वेळी परिस्थिती किंचित बदलायची. कधी निवडणूक जवळ आहे असं सांगायचं, कधी डिझेल महागलंय असं, कधी पक्षाध्यक्ष रागावलेत असं. दहा हजारांपैकी निम्म्याहून जास्त वेळा प्रत 'होय' म्हणाली, की त्या सदस्याचं मत होय. सगळ्या पाचशे चाळीस प्रतींची मोजणी व्हायला अकरा मिनिटं लागत. चाचणीत यंत्राने जुन्या मतदानांचे निकाल शंभरात शहाण्णव वेळा बरोबर ओळखले होते. शास्त्र म्हणून यात खोट काढणं अवघड होतं.

प्रतिसदन होय म्हणालं की करार लागू. खऱ्या सभागृहाला चाळीस दिवसांत तो फेटाळता येईल, अशी सोयही ठेवली होती. पण सभागृह बोलावणार कोण? राष्ट्राध्यक्ष. त्यांनी नाही बोलावलं, तर एकशे आठ सदस्यांनी सह्या करून मागणी करायची. चाळीस दिवस उलटले की करार पंचवीस वर्षांसाठी पक्का.

हा कायदा सभागृहानेच केला बरं का. कोणी त्यांच्या डोक्याला बंदूक लावली नव्हती. बाकं वाजवून केला. आणि तेव्हापासून सभागृह वर्षातून वीस दिवस भरू लागलं.

आताचा करार एका लांबच्या देशाशी होता. त्यांच्याकडे बॅटऱ्यांना लागणारं खनिज होतं. दहा वर्षं खनिज मिळणार, आणि बदल्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरचा एकतीस मैलांचा पट्टा त्यांच्या पहाऱ्याखाली जाणार. पट्ट्यात जो शिरेल त्याला त्यांच्या कायद्याने, त्यांच्या तळावर शिक्षा. आणि कलम नऊ: आपल्या गस्ती नौकेला असा कोणी सापडला, तर तिनेच त्याला नेऊन द्यायचा.

मोरेश्वर कुबल, कालिंदीचा धाकटा भाऊ, कलम नऊखाली दिला गेलेला पहिला माणूस होता.

*

प्रतिसदनाचं काम फौजिया मुकादम बघायची. दापोलीकडची, छत्तिशीची, गणितात डोकं तेज. दोघी कोकणातल्या म्हणून सात वर्षं एकत्र डबा खात होत्या. दुसऱ्या दिवशी कालिंदी तिच्या खोलीत गेली ती डब्याशिवाय.

"फौजिया, भाई मयेकरांच्या प्रतीने काय मत दिलं?"

"ताई, प्रत्येकाचं मत उघड करायचं नसतं. एकूण आकडा सांगता येतो. तीनशे अडतीस होय."

"भाई आमच्या किनाऱ्याचे आहेत. वीस वर्षं मासेमारीवर ओरडताहेत. मी माझ्या कानांनी ऐकलंय. माझा भाऊ आत आहे गं. एक आकडा सांग."

फौजियाने दार लोटलं आणि पडदा कालिंदीकडे वळवला. मयेकर: होय, शंभरात एकाहत्तर.

"खोटं आहे हे!" कालिंदी म्हणाली. "बंदराचा कायदा आला तेव्हा ते सभापतींच्या समोर येऊन नाही, नाही, नाही ओरडत होते. माझ्या टेबलावर मूठ आपटली त्यांनी. माझं पेन उडून पडलं."

"बघू." फौजियाने त्या दिवसाची नोंद काढली. दोघींनी वाचली.

मंत्र्यांचं भाषण होतं. मध्येच कंसात '(व्यत्यय)'. पुन्हा भाषण. पुन्हा '(व्यत्यय)'. मग सभापती: प्रस्ताव आवाजी मतदानाने संमत. खाली उपस्थित सदस्यांची यादी, त्यात मयेकर. आणि सगळ्यात खाली सही, का. म. कुबल.

कालिंदीच्या पहिल्या दिवशी मुख्य प्रतिवेदकाने तिला शिकवलं होतं, "माइक नाही तर माणूस नाही." सभापतींनी ज्याचं नाव पुकारलं नाही, ज्याचा माइक चालू नाही, तो काहीही ओरडला तरी नोंदीत त्याचं नाव जात नाही, शब्द जात नाहीत. एकच शब्द जातो, व्यत्यय. रीतच तशी. शंभर जणांनी गळे फाडून नाही म्हटलं तरी व्यत्यय. तेवीस वर्षांत कालिंदीने तो शब्द किती हजार वेळा लिहिला असेल, देव जाणे. हात आपोआप लिहायचा.

"आणि कंसातलं?" तिने विचारलं. "ते तरी यंत्राला दिलंस ना?"

"कंस गाळले, ताई," फौजिया म्हणाली. " टाळ्या, हशा, व्यत्यय... मला तो कचरा वाटला."

"गाळायचं कोणी ठरवलं?"

"मीच. पण कंसात तरी काय होतं? कोण ओरडलं, काय ओरडलं, तुम्ही लिहिलंच नव्हतं."

आपापल्या जागी दोघींनी काम चोख केलं होतं. एकीने 'नाही' लिहिलं नाही, दुसरीने न लिहिलेल्या 'नाही'ची उरलेली खूणही पुसली. यंत्रापुढे गेलं ते असं सभागृह, जिथे माणसं रांगेत बोलतात, आभार मानतात आणि हजेरी लावून संमत होतात. ते शिकून शिकून काय शिकणार? शहाण्णव टक्के बरोबर का आलं तेही कालिंदीला उमजलं. निकाल तिच्याच नोंदींवरून तपासले होते.

सभागृहाच्या छताला आणखी माइक होते, आवाजाची पातळी तपासण्यासाठी. त्यांचं ध्वनिमुद्रण साठत होतं, कोणी ऐकत नव्हतं. कोणता आवाज कोणाचा ते त्यातून काढता येत होतं. फौजियाने ते मुद्रण यंत्राला द्यायचं ठरवलं. "नोकरी जाईल," ती म्हणाली, "पण माझं गणित चुकलंय हे मला कळलंय. ते घेऊन मी झोपू कशी?"

दहा दिवस लागले. नवा निकाल: होय दोनशे एकतीस. मयेकर: होय, शंभरात नऊ.

करार पडला होता. खरं तर तो कधी उभाच नव्हता.

फौजियाने अहवाल वर पाठवला. तासाभरात उत्तर आलं, फेरमोजणीची कायद्यात तरतूद नाही. सोबत तिच्या बदलीचा आदेश.

चाळीस दिवसांतले नऊ उरले होते.

*

त्याच दिवशी तळावरून मोरेश्वरचा फोन आला. चार मिनिटं मिळत, आणि तिकडे कोणीतरी ऐकत असे.

"अक्का, मी मोऱ्या."

"कसो आसस रे?"

"बरो आसंय. जेवाण गावता. मासो पण देतत, बर्फातलो, चव नाय काय नाय. मी तेंका सांगलंय, माका होडी द्या, ताजो आणून घालतंय." तो हसला. मग हसू आटोपलं. "अक्का, एक इचारू? तू थंयच बसतंस मा, मधल्या टेबलार? मगे आमका देवचा म्हणान हात कोणी वर केल्यान, ता तुका दिसला असतला."

हात कोणी वर केलाच नव्हता. ज्या अकरा मिनिटांत मोजणी झाली, तेव्हा सभागृहात एक माणूस फरशी पुसत होता.

"ता जाव दे," मोरेश्वर म्हणाला. "हंय एक कागद दिलोहा. मुद्दाम हद्द ओलांडली असा लिवन देवचा. सय केली तर चवदा म्हयने. नाय केली तर खटलो, सा वर्सां. आठ दिवसांत सांगा म्हणतत. सय करू काय नको? तू सांग. तू शिकलेली."

कालिंदीच्या डोळ्यांसमोर दोनशे एकतीस हा आकडा होता. तो खरा होता. तिने मोजणी स्वतः बघितली होती. सभागृह एकदा भरलं, खऱ्या माणसांनी खरं मत दिलं, की करार पडेल, पट्टा परत आपला होईल, आणि भावाने हद्द ओलांडलीच नव्हती असं ठरेल. पण त्याने कागदावर कबुली दिली असेल तर? कबुली कशी पुसणार? नोंदीचं बळ काय असतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

"सय करू नको," ती म्हणाली. "नऊ दिवस दी माका."

"दिले," मोरेश्वर म्हणाला. एका शब्दात. जाळ्याचा दोर हातात द्यावा तसे दिले.

*

भाई मयेकर सरकारी बंगल्याच्या व्हरांड्यात फणसाचे तळलेले गरे खात बसले होते. बहात्तरीचे, अंगाने दांडगे. त्यांच्या आवाजावरच तीन निवडणुका निघाल्या होत्या.

"ये गो कालिंदी, बस. मोऱ्याचं कळलं. फार वाईट झालं. मी पत्रक काढलंय, वाचलंस?"

"वाचलं. भाई, हे ऐका."

तिने फोनवर मुद्रण लावलं. बंदराच्या कायद्याचा दिवस. गोंगाटातून वेगळा काढलेला, स्वच्छ, घणाघाती आवाज: नाही, नाही, नाही! आमचा दर्या विकायला काढलात, नाही!

भाईंनी गरा हातातच धरला. डोळे मिटून ऐकलं. "काय आवाज होता माझा," ते म्हणाले.

"हा आवाज यंत्राला कधी मिळालाच नाही. म्हणून तुमच्या प्रतीने होय म्हटलं. आता मिळाला, तर नाही म्हणते. भाई, सभागृह बोलवायच्या मागणीवर पहिली सही तुमची हवी. तुम्ही केलीत की बाकीचे करतील."

भाईंनी गऱ्यांची बशी बाजूला सारली.

"सही केली, सभागृह भरलं. मग मला मत द्यावं लागेल."

"मग द्या की! नाही म्हणा. आयुष्यभर तेच म्हणत आलात."

"ओरडणं वेगळं, मत देणं वेगळं. मत दिलं की पटलावर दिवा लागतो. 'नाही' दिलं तर पक्ष तिकीट कापतो, 'होय' दिलं तर किनाऱ्यावर पाय ठेवू देणार नाहीत. या यंत्राने मला दोन्हींतून सोडवलंय. गावात म्हणतो, मी कुठे मत दिलं? प्रतीने दिलं. पक्षात म्हणतो, बघा, माझी प्रत तुमच्याबरोबर आहे." ते हसले, पण हसू काही जमलं नाही. "पाचशे चाळीसच्या पाचशे चाळीस सुखात आहेत, बाय."

"भाई, मोऱ्याच्या बारशाला तुम्ही होता."

"होतो ना. म्हणून तुला खरं सांगतोय. दुसऱ्या कोणाला चहा पाजून घालवला असता." ते पुढे वाकले. "तुला वाटतं यंत्र चुकलं. मी ओरडायचो का, ते ठाऊक आहे तुला? माइक बंद असायचा म्हणून. चालू माइकवर मी एकदा तरी नाही म्हणालोय का, आठव. तू तर शेजारीच बसलेली असायचीस."

कालिंदीने आठवलं. तेवीस वर्षं झरझर मागे सरकली. नव्हते म्हणाले. एकदाही.

"त्या एकाहत्तर टक्क्यांनी मला बरोबर ओळखलं होतं," भाई म्हणाले. "तुमची ती नवी मोजणी आहे ना, नऊ टक्केवाली, ती माझ्या गळ्याची आहे. माझी नाही."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. "तुम्हाला लाज वाटत नाही?"

"वाटते गो. पण तीही माइक बंद असताना."

*

तरी ती थांबली नाही. तिने पाचशे चाळीस जणांना पाचशे चाळीस पत्रं पाठवली, आणि प्रत्येकासोबत ज्याचा त्याचा आवाज. बंद माइकवरची प्रत्येक 'नाही', तारीख घालून. हे मुद्रण बाहेर नेणं गुन्हा होता. तिने स्वतःच्या नावाने, सहीनिशी पाठवलं.

पहिल्या दिवशी तीनशेवर उत्तरं आली. कालिंदी वाचू लागली. "आपल्या भावनांचा मला आदर आहे. आपण मांडलेला मुद्दा गंभीर असून त्याचा योग्य त्या स्तरावर पाठपुरावा केला जाईल." तीनशे वेळा, शब्द थोडे इकडेतिकडे. सदस्यांनी पत्रव्यवहारही प्रतींवर सोपवला होता.

ती दारोदार फिरली. एका तरुण सदस्याने तिला विचारलं, "सही करावी की नाही, याबद्दल माझी प्रत काय म्हणते?" थट्टा करतोय असं तिला वाटलं. तो करत नव्हता. एका बाईंनी मात्र आपला आवाज दोनदा ऐकला, डोळे पुसले आणि सही केली. अशा सह्या जमल्या एक्केचाळीस. एक्केचाळीस माणसं अजून माणसं होती, ही काही लहान गोष्ट नाही. पण लागणार होती एकशे आठ.

तिने राष्ट्राध्यक्षांनाही लिहिलं होतं. त्यांच्या कार्यालयातून एक ओळ आली: परराष्ट्र धोरणात सभागृहाच्या संमतीचा पूर्ण आदर राखण्यात आला आहे.

चाळिसावा दिवस मंगळवारी उलटला. मोरेश्वरच्या कागदाची मुदत आदल्या दिवशीच सरली होती. शुक्रवारी वैजूचा फोन आला. रडत नव्हती. रडली असती तर कालिंदीला सोसलं असतं.

"वन्सं, तिकडून पत्र आलंय. सहा वर्षं. सही केलेले पाच खलाशी पुढच्या पावसाळ्यानंतर येतील, असं लिहिलंय. हे नाहीत." मग म्हणाली, "तुम्ही नऊ दिवस मागितले होतेत. सहा वर्षं घेतलीत."

"वैजू, ऐक..."

"ह्यांनी तुमचं ऐकलं, तेवढं पुरे झालं. सोनू चौथीत आहे. बाबा कधी येणार विचारलं तर काय सांगू, तेवढं कळवा. नाहीतर राहू द्या. फोन नका करू आता."

कालिंदीने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. भावाच्या सहा वर्षांपैकी जवळजवळ पाच तिची होती. हिशेब सरळ होता आणि तो चुकवायला कोणताही कंस उपलब्ध नव्हता.

*

चौकशी झालीच. कराराची नाही, मोजणीची नाही, कालिंदीची. तीन जणांचं मंडळ, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. बोललेलं टिपायला कोपऱ्यात एक यंत्र. प्रतिवेदक म्हणून माणूस ठेवायची अट आठवड्यापूर्वीच काढून टाकली होती.

"श्रीमती कुबल," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "छताच्या माइकचं मुद्रण बाहेर नेण्याची परवानगी तुम्हाला कोणी दिली?"

"कोणी नाही."

"म्हणजे आरोप मान्य?"

"मान्य. लिहा."

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. ते कागद चाळू लागले. "तुम्हाला मदत कोणी केली?"

"कोणी नाही."

"तुमची आधीची सेवा निष्कलंक आहे. दिलगिरी व्यक्त केलीत तर निवृत्तिवेतनाबाबत मंडळ सहानुभूतीने..."

"साहेब, मला एक विचारायचंय."

"प्रश्न मंडळाने विचारायचे असतात."

"तेवीस वर्षं दुसऱ्यांचे प्रश्न लिहिले. हा एक माझा." ती उभी राहिली. तिच्यासमोरचा माइक चालू होता, लाल दिवा जळत होता, आणि तिने तो हाताने जवळ ओढला. "माझा भाऊ आपल्या वडलांच्या जागेवर मासे मारत होता. आपल्याच बोटीने त्याला नेऊन परक्यांना दिलं. मी राष्ट्राध्यक्षांना विचारलं, ते म्हणतात सभागृहाने संमती दिली. सभागृहाला विचारलं, सदस्य म्हणतात आम्ही नाही, आमच्या प्रतींनी दिली. प्रती म्हणतात, आम्ही नोंदीवरून शिकलो. आणि नोंदीखाली सही माझी आहे. म्हणजे फिरून फिरून भावाला मीच दिला असं होतंय. असेल तर तसं स्पष्ट लिहा, मी आत्ता सही करते. पण लिहिण्याआधी एक करा. तुमच्या कागदावर तीनशे अडतीस होय आहेत. त्यातला एक माणूस मला दाखवा. फक्त एक. ज्याला खुर्चीत बसवून मी विचारू शकेन की बाबा, तू माझ्या भावाला द्या म्हणालास, तर का म्हणालास?"

"बाई, खाली बसा."

"बसते. तुम्ही नाव सांगा, मी बसते. कोणी दिला माझा भाऊ? बोला. नाव सांगा."